सही कॅप्टनची, फोटो क्लॅरीचे

क्लॅरन्स हॉबडन आमच्या 'थिंबल' पाणबुडीवर स्वयंपाकी होता आणि मी इंजिनखान्यात. दुसरं महायुद्ध संपून सहा-सात वर्षं झाली होती. साठावर माणसांना डब्यातले टोमॅटो आणि बेकन खाऊ घालून उरलेल्या वेळात क्लॅरी फोटो काढायचा. गोड्या पाण्याची तर मारामार. दाढीला माणशी एक मग पाणी मिळे. आम्ही सगळ्यांनी दाढ्या वाढवल्या. क्लॅरीही दाढी वाढवून आपल्या मगातल्या पाण्यात फिल्म धुवायचा. एवढा वेडा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

बोटीवरचा प्रत्येक फोटो आधी कॅप्टन वेदरिलना दाखवावा लागे. काही गुपित बाहेर जात नाही ना, एवढं बघून ते मागे सही करत. बोट सोडताना त्यांनी फोटोंचा एक संच मागितला, क्लॅरीने दिला.

तोच संच परवा आमच्या गॉस्पोर्ट गावातल्या सभागृहात भिंतीवर लागला. आम्ही दोघे म्हातारे काठ्या टेकत बघायला गेलो. प्रत्येक फोटोखाली लिहिलेलं : 'छायाचित्रकार – कॅप्टन वेदरिल'. पेरिस्कोपला डोळा लावून उभ्या असलेल्या वेदरिलच्या फोटोखालीसुद्धा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंना मी तिथेच गाठलं.

"बाई, हा गृहस्थ एका डोळ्याने पेरिस्कोप बघतोय आणि दुसऱ्याने स्वतःचा फोटो काढतोय की काय?"

"आजोबा, प्रत्येक फोटोमागे त्यांची सही आहे."

"सही तर ते आमच्या रजेच्या अर्जावरही करायचे! मग आमच्या रजा काय त्यांनी भोगल्या?"

"जाऊ दे रे, सिरिल," क्लॅरी पुटपुटला.

"काय जाऊ दे? पाणी तुझं, फिल्म तुझी, आणि नाव साहेबाचं?"

बाई क्लॅरीकडे वळल्या. "यात तुम्ही कुठे आहात, ते तरी दाखवा."

क्लॅरीने शेवटच्या मोठ्या फोटोवर काठी टेकवली. अख्खी बोट डेकवर ओळीने उभी. "आम्ही त्रेसष्ट जण होतो. यात मोजा."

बाईंनी दोनदा मोजले. बासष्ट.

"मी कॅमेऱ्यामागे होतो."

त्या जरा वरमल्या. "समितीपुढे ठेवते. बैठक सप्टेंबरात आहे."

"मला डॉक्टरांनी ऑगस्ट सांगितलाय," क्लॅरी म्हणाला. अगदी बसची वेळ सांगावी तसं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. भिंतीला भिंत लागून आमची घरं, आणि हे मला एका परक्या बाईसमोर कळत होतं! त्याच्यावरच ओरडावंसं वाटलं.

खिशातलं पेन काढून बाईंनी पहिल्या फोटोखालचं वेदरिलचं नाव स्वतः खोडलं आणि पेन क्लॅरीच्या हातात दिलं. पहिलं अक्षर वाकडंतिकडं गेलं. मी त्याचं मनगट धरलं, तेव्हा कुठे त्याचं नाव नीट उमटलं.