सोनाराच्या सुईआधी

"तिला सांगू नका, डॉक्टरसाहेब. रडून राहील अन् दूध आटंल."

पडद्यापलीकडून सासूबाईंचा आवाज आला. मी खाटेवर जागीच होते. माझी मुलगी आदल्या दिवशी जन्मली होती, आणि तिच्या पाठीपोटावर जांभळाच्या रसाचे शिंतोडे उडावेत तसे ठिपके होते.

"गरोदरपणी हिच्या अंगावर पुरळ उठलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं. पुरळ माझ्या अंगावरचं आणि प्रश्न सासूबाईंना.

"व्हय, तिसऱ्या महिन्यात. गर्मीचं होतं. दोन-तीन दिसांत गेलं."

"ती गर्मी नव्हती, मावशी."

मग डॉक्टर शिकाऊ डॉक्टरशी इंग्रजीत बोलू लागले. मी कुणाशी बोलत नव्हते, म्हणून मला ते कळणार नाही असं ते धरून चालले असावेत. माझं सगळं शिक्षण सिकंदराबादला इंग्रजी शाळेत झालं. भिंतीकडे तोंड करून मी ऐकत राहिले. पोटच्या मुलीचा आजार मला असा चोरून कळला.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून लिहिते. रुबेला म्हणजे जर्मन गोवर. आईला तो हलकाच होतो: थोडा ताप, गुलाबी पुरळ, कानामागे गाठी. पण गरोदरपणी त्याचा विषाणू वारेतून बाळाच्या रक्तात जातो. प्लेटलेट म्हणजे जखमेतून वाहणारं रक्त थांबवणारे बारीक कण. माझ्या मुलीच्या रक्तात ते फारच कमी होते. कातडीखाली रक्त झिरपून ते ठिपके उठले होते. काही आठवड्यांत कण वाढतील, तोवर सुई आणि जखम टाळा, डोळे, हृदय, कान पुढे तपासा, असं डॉक्टर म्हणाले.

तपासणीसाठी तिच्या टाचेला सुई टोचली, तेव्हा कापूस भिजतच राहिला. एक नर्स ती इवली टाच दाबून बसली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात नणंद तिच्या सासरहून, कनेरगाव नाक्याहून, अंगावर पुरळ उठलेल्या पोराला घेऊन आली होती. माता आली म्हणून दाराला लिंबाचा डहाळा बांधला. "तू घरीच असतीस, बस त्याच्यापाशी," मला सांगितलं. पुढे मला पुरळ उठलं. तेव्हा घराजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांना कानामागच्या गाठी दाखवल्या, तर ते म्हणाले, "उष्णता आहे, सब्जा प्या." मान वर करून पाहिलंही नाही. त्या पोराचा मला कधी राग आला नाही. त्या डॉक्टरांचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आज ठिपके नाहीत, रक्त ठीक आहे. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं. मी उजवीकडून हाक मारते आणि ती हसते. एवढं मला पुरतं. पण बारशाच्या दिवशी ती हातची गेली असती.

घरच्यांनी आजार सगळ्यांपासून लपवला होता. म्हणून सगळं रीतीप्रमाणे व्हायला हवं होतं, कान टोचणंसुद्धा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याला सांगत होत्या, "न टोचावं तर बाया इचारतील, काहून न्हाई? अन् डॉक्टरनं दवाखान्याची सुई नको म्हनलं. सोनाराची तार सोन्याची असती." तो माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

बायका जमल्या. सोनाराने सुई आणि तार काढली. "डोकं धरा बरं घट्ट."

"इंग्रजी शाळेची हाय आई," कुणीतरी म्हणालं, "लेकीला बाळ्या घालंल का नुसत्या क्लिपा?" सगळ्या हसल्या.

आत्याबाईंनी बाळाचं डोकं धरलं. मी उठले आणि त्यांच्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं.

"टोचायचं नाही," मी म्हणाले. आवाज फाटला, तरी बोलत राहिले. "हिचं रक्त थांबत नाही. मला गर्मी नव्हती, जर्मन गोवर होता. पडद्यामागं मी जागी होते, आत्याबाई. यापुढं हिच्याबद्दल जे विचारायचं, सांगायचं, ते मला."