डबा चाळीस म्हणतो, अठ्ठावीस समजा

दाखवलेल्या, छापलेल्या आणि कुणी तोंडाने सांगितलेल्या आकड्यावर जराही विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या झाशीत एकच, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना सुभेदारकाका म्हणतो. मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीबरोबर झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी तळावर आले, मुलाची शाळा इथे रमली म्हणून निवृत्तीनंतर छावणीच्या अलीकडे घर बांधून राहिले. आमचं घराणं पाच-सहा पिढ्यांपासून इथलं, त्यामुळे माझी मराठी काकूंना हिंदीच्या फोडणीची वाटे. काकू मला प्रेमाने सुधारत. काका सुधारत नसत, कारण त्यांचा सगळा वेळ आकडे सुधारण्यात जाई.

उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आलेलं तापमान ते वाचत आणि मान हलवत. त्यांचे स्वतःचे तीन थर्मामीटर होते. एक कडुनिंबाखाली, एक गच्चीच्या जिन्यात, आणि एक कूलरसमोर, हा म्हणे त्या दोघांवर नजर ठेवायला. तिघांची सरासरी काढून त्यात ते आपल्या अंदाजाने दोन अंश मिळवत आणि मग मी शिकवायला निघाले की फाटकावरून सांगत, "आज डोक्याला ओलं फडकं बांधूनच शाळेत जा, पोरी." स्कूटरमध्ये पेट्रोल किती आहे हे काट्यावर न बघता स्कूटर आडवी-तिडवी हलवून, टाकीला कान लावून ठरवायचं. काकूंच्या कुकरची तिसरी शिट्टी त्यांनी एकदा नामंजूर केली होती, ती अर्धीच वाजली असं म्हणून. परिणामी त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी वरणाऐवजी पिठलं म्हणावं असं काहीतरी खाल्लं. माझा भाऊ भोपाळहून यायचा होता तेव्हा गाडी वेळेवर असल्याचं स्टेशनच्या फलकावर स्वच्छ लिहिलेलं होतं. काका म्हणाले, फलक काय वाटेल ते लिहितो, चहावाल्याला विचारू. चहावाल्याने तासभर लेट सांगितली. आम्ही निवांत चहा पीत बसलो आणि भाऊ दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर उतरून रिक्षा करून घरी पोचला. काकांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. चहावाल्याचं नाव तेवढं त्यांनी यादीतून कमी केलं.

मला या सगळ्याची चीड येई. साधी वेळ विचारली तरी हा माणूस दोन घड्याळं बघणार. पण काकूंच्या फुप्फुसांनी कुरकुर सुरू केली, डॉक्टरांनी दिवसाचे बरेच तास ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, आणि माझी चीड जरा मवाळ झाली. आमच्याकडे जेठ महिन्यात वीज कधी जाईल ते देवालाही विचारू नये. म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने एक पॉवर स्टेशन पाठवलं. एका हाताने जेमतेम उचलेल एवढी, मूठ असलेली मोठी बॅटरी, मागे प्लगच्या जागा, पुढे छोटी काच. काचेवर किती टक्के शिल्लक, किती वॅट जाताहेत आणि किती वेळ पुरेल, असे तीन आकडे. मुलाला वाटलं, वडिलांची चिंता मिटली. त्याने वडिलांच्या घरात एकदम तीन नवे संशयित आणून ठेवले होते.

पहिल्याच दिवशी काकांनी त्याचं नाव डबा ठेवलं आणि त्याला फोन चार्जिंगला लावला. फोन भरत होता आणि काचेवर शून्य वॅट. काका मला भिंतीवरून हाका मारून बोलावून घेऊन म्हणाले, "बघ. जेवताना पकडलाय आणि उपास आहे म्हणतोय." दुसऱ्या दिवशी डबा मांडीवर घेऊन ते ई-रिक्षाने बॅटरीच्या दुकानात गेले. मीही गेले, कारण परत आणताना तो धरायला माणूस हवा होता. दुकानदार हसून म्हणाला, "हओ साहब, छोटा लोड ये दिखाता नहीं है।"

"दिखाता नहीं, पर खाता तो है?" काका म्हणाले.

"खाता तो है।"

"तो फिर रिपोर्ट झूठी है।" आणि एवढं बोलून ते सलामीला उभं राहिल्यासारखे ताठ होऊन दुकानातून बाहेर पडले.

मग परीक्षा सुरू झाल्या. एका फळीवर शंभर-शंभर वॅटचे तीन जुने पिवळे बल्ब लावले, कारण काकूंचं मशीन साधारण तेवढीच वीज घेई. डबा पूर्ण भरायचा, बल्ब पेटवायचे, शेजारी गजराचं घड्याळ, हातात वही. मार्चअखेरच्या भर दुपारी, खिडक्या बंद करून, तीन पेटते बल्ब समोर घेऊन काका बनियनवर बसत आणि दर पाच मिनिटांनी काचेवरचा आकडा लिहून घेत. काकू नाकात नळी घेऊन पलंगावरून म्हणत, "बाहेरचं ऊन कमी पडलं यांना." असं चार वेळा झाल्यावर निष्कर्ष निघाला. शंभरापासून साठापर्यंत डबा बरा वागतो. चाळिशीच्या आसपास तो अडून बसतो, खाली यायचं नाव घेत नाही, आणि आत मात्र रिकामा होत जातो. विसावर आला की डोळ्यांदेखत घसरतो. काकांनी काचेखाली कागदाची पट्टी चिकटवली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात दुरुस्त्या होत्या, त्यांतली एक मला पाठ झाली होती: डबा म्हणतो ४०, समजा २८.

मुलाने फोनवर समजावलं की ही बॅटरी तीन महिन्यांतून एकदा पार रिकामी करून पुन्हा पूर्ण भरली की तिचा हिशेब ताळ्यावर येतो. काकांनी ऐकून घेतलं. तीन महिने हा आकडाही कुणीतरी सांगितलेलाच, म्हणून त्यांनी तो महिन्यावर आणला. प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार हा डबा रिकामा करण्याचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी ते लाइनमनला फोन करून उद्या वीज जाणार का ते विचारत. तो बिचारा दर वेळी म्हणे, "नहीं जाएगी साहब." आणि खरोखर पहिले दोन रविवार ती गेली नाही.

गेल्या जूनमधल्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता बल्ब पेटले. दहाच्या सुमाराला कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा मोठा आवाज झाला आणि पंखे थांबले. मी धावत शेजारी गेले. काकूंचं मशीन वीज गेल्याची शिट्टी वाजवत होतं. काकांनी बल्बांचा प्लग उपसून तिथे मशीनचा लावला, मशीन पुन्हा धपधपू लागलं. काचेवर चाळीस होते. ऑक्सिजनचा जास्तीचा सिलिंडर आदल्या दिवशीच भरायला दतिया गेटजवळच्या दुकानात दिलेला होता. त्या माणसाने डब्यावर अविश्वास ठेवण्याच्या नादात, नेमकी गरज पडायच्या वेळी तो डबा स्वतःच्या हाताने अर्ध्याहून जास्त रिकामा केला होता. त्यांना ते कळलं होतं, त्यांचा चेहराच सांगत होता.

"डबा सव्वा तास म्हणतोय," ते मला दारापर्यंत आणून हळू आवाजात म्हणाले. "त्याचं ऐकू नकोस. पाऊण तास आहे आपल्याकडे. तुला उशीर होतोय असं दिसलं तर मी गाडी बोलावून हॉस्पिटल गाठतो. पण या उन्हात, नळीशिवाय तिला हलवायचं म्हणजे..."

मी स्कूटी काढून दुकान गाठलं, तर रविवार म्हणून शटर खाली. वरच्या मजल्यावर मालक पूजेला बसलेले. मी रस्त्यावरून अशी ओरडले की समोरचे भाजीवालेही माझ्याबरोबर ओरडू लागले. "आ रहे बहनजी, आ रहे!" करत ते ओल्या अंगानेच खाली आले. सिलिंडर आतून काढेपर्यंत मी काकांना फोन लावला. "काका, किती आहे डब्यात?"

"डब्याचं विचारू नकोस, घड्याळाचं विचार. एकवीस मिनिटं."

सिलिंडर दोन पायांत धरून मी स्कूटी कशी चालवली ते मला आठवत नाही. आत शिरले तेव्हा काका डब्याकडे पाठ करून, त्याच्या आणि पलंगाच्या मधोमध उभे होते, पाय फाकवून, हात मागे बांधून. बाजूने मला काच दिसली. एक टक्का. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "अहो, किती राहिलंय?"

"बत्तीस," काका म्हणाले. आवाज अगदी रोजचा. "पुष्कळ आहे. तू पडून राहा."

कुकरच्या अर्ध्या शिट्टीवर वाद घालणारा माणूस हे बोलला. सिलिंडरची चावी मात्र त्यांनी दोनदा उलटीच फिरवली, शेवटी ती मीच फिरवली. नळी बदलून पाच मिनिटंही झाली नसतील, डबा एकदा वाजला आणि काच काळी झाली. वीज दुपारी तीनला आली.

संध्याकाळी काका ओट्यावर बसले होते. समोरचा चहा निवून गेला होता. "चाळीस वर्षांत तिला कधी खोटा आकडा सांगितला नव्हता," ते म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता, सकाळभर आलाही होता. आता फक्त वाटलं, यांच्या खांद्यावर हात ठेवावा. पण काका या नात्याच्या माणसाच्या खांद्यावर कसा हात ठेवायचा ते मला कधीच जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका बाजारात गेलेले पाहून काकूंनी मला जवळ बसवलं. "त्या कपाटाच्या आरशात मला डबा दिसत होता गं," त्या म्हणाल्या. "सगळा वेळ. एकवर आला तोही पाहिला."

"मग तुम्ही विचारलंत कशाला?"

"ते किती घाबरलेत ते बघायला. बत्तीस म्हणाले, तेव्हा कळलं." त्यांनी दम घेतला. "मग मी डोळे मिटले आणि सावकाश श्वास घेत राहिले. त्यांना सांगू नकोस हं. मी निवांत पडले होते, असंच वाटू दे त्यांना."

काकू मागच्या थंडीत गेल्या. हॉस्पिटलात, सकाळी, शांतपणे. भाड्याचं मशीन परत गेलं. डबा अजून काकांच्या खोलीत आहे, पण त्याचा पहिला रविवार आता कुणी पाळत नाही. परवा मी त्यांना भाजी द्यायला गेले होते, तेव्हा वाटी हातात घेऊन ते तसेच दारात उभे राहिले.

"पोरी, त्या दिवशी तिला कळलं होतं का गं?"

"नाही, काका," मी म्हटलं. "काही कळलं नव्हतं त्यांना. निवांत होत्या."

ते माझ्याकडे बघू लागले. आता उलटतपासणी होणार म्हणून मी मनाची तयारी केली. कुठे बसली होतीस, काय म्हणाली, कशावरून निवांत, असं सगळं ते विचारणार. पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही.

"बरं झालं," म्हणाले, आणि भाजी झाकून ठेवायला आत गेले.