जो आधी उचलेल तो हरला

लोटन नावाचं कबुतर ज्यानं पाहिलं नाही त्याला आधी ते समजावून सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा मोठेपणा कळायचा नाही. दिसायला साधंच. पांढरं, डोक्यावर तुरा. हातात धरायचं, दोन-तीनदा हलकेच हलवायचं आणि जमिनीवर ठेवायचं. झालं! ते उलट्या कोलांट्या मारायला लागतं. एकामागून एक, एकामागून एक. थांबत नाही, कारण त्याला थांबताच येत नाही. मालकानं उचलून तोंडावर फुंकर घातली की भानावर येतं. कोणी उचललंच नाही तर दम आहे तोवर लोळतं आणि दम संपला की मरतं. ज्या पाखराच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय तेच निवडायचं, तसल्याच दुसऱ्याशी त्याची जोडी लावायची, आणि पिलांतलंही जे जास्त बिघडलेलं तेच ठेवायचं, असं करत करत माणसानं ही जात टिकवली. याला म्हणतात शौक. आणि आमच्या नेर गावात या शौकातला सगळ्यात मोठा शहाणा कोण, तर मी.

पोटापाण्याचा धंदा मोटार वाइंडिंगचा. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, मी त्या पुन्हा भरून देतो. दिवसभर लोकांचं बिघडलेलं नीट करायचं आणि घरी आलं की देवानं नीट दिलेलं बिघडवत बसायचं, असा माझा दिनक्रम होता.

पहिली जोडी दिली ती दुकानाशेजारच्या चाचांनी. चाचा ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतात आणि त्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून कबुतरं आहेत. त्यांचा नियम एकच. दहा आकडे मोजायचे आणि उचलायचं. मोजायचेही असे भरभर की दहा कधी झाले ते कळायचं नाही. "वो तेरे भरोसे पे लोटता है," म्हणायचे. "भरोसा तोड़ा तो शौक कायका, कसाईपना हुआ." मी मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, म्हातारं झालं, आता याच्यात दम राहिला नाही.

मग मोबाइलवर शौकिनांचा ग्रुप झाला. पार उमरखेडपासून माणसं त्यात आली. रोज सकाळी कोणाचं ना कोणाचं कबुतर लोळताना दिसायचं आणि खाली टाळ्यांच्या रांगा. लवकरच कोणीतरी डोकं लढवलं की नुसतं लोळवण्यात काय मजा, मुकाबला पाहिजे. दोन मालकांनी दोन पाखरं एकाच वेळी खाली ठेवायची. जो मालक आधी उचलेल तो हरला. घ्या! म्हणजे लोळणार पाखरू आणि मर्दानगी ठरणार आमची. चाचांना मी हा नियम मोठ्या कौतुकानं सांगितला. त्यांनी हातातली झाळकामाची सळई खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "मुकाबले में मुझे मत बुलाना." मला राग आला. मी त्यांना बोलावलंही नाही.

तोवर माझ्या खुराड्यात एक मादी अशी निघाली की तिला हलवावंही लागत नव्हतं, डोक्यावर नुसतं बोट टेकवलं की सुटायची. ती कशी निघाली तेही सांगतो. भाऊ आणि बहिणीची जोडी लावून. रक्त शुद्ध राहिलं पाहिजे ना! हाच मी, भाचीचं स्थळ आलं तेव्हा तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या आजोळचं देवक आणि आमचं देवक एकच निघतं म्हणून भर बैठकीतून उठलो होतो. "जवळच्यात केलं की लेकरं अधू निपजतात," असं छाती फुगवून सांगितलं होतं. लोकांनी माना डोलावल्या, सोयरीक मोडली, भाची वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आणि इकडे घरामागं तेच अधूपण मी हौसेनं पिकवत होतो आणि पाहुण्यांना चहाबरोबर दाखवत होतो.

आता या सगळ्यात माझी माय. तिला दोन वर्षांपासून भोवळ येते. बसल्या जागी घर फिरायला लागतं, वाकली की तोल जातो. यवतमाळच्या कानाच्या डॉक्टरांकडे मी तिला चार वेळा घेऊन गेलो. ते म्हणाले, तोल सांभाळायचं काम कानाच्या आतून होतं, ते बिघडलंय. गोळ्या घ्या, वाकायचं नाही, घाईनं उठायचं नाही, पडल्या तर या वयात हाड मोडेल. मायनं परतीच्या बसमध्ये मला विचारलं, "म्हंजे माह्या कानात तुयं लोटन बसलं का रे?" मी हसलो. ती काही हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मले चक्कर आली त डॉक्टर, कबुतराले आली त टाळ्या. वा रे वा न्याय!" एवढं खणखणीत बोलली माझी माय आणि मी काय केलं? ते वाक्य गमतीचं म्हणून ग्रुपवर टाकलं. पन्नास जण खदखदा हसले.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी ग्रुपमधला एक उमरखेडवाला माझ्याशी मुकाबला करायला आला. खत-बियाण्याचं दुकान आहे त्याचं, माणूस गोड बोलणारा. गाडीच्या मागच्या सीटवर मखमल लावलेली टोपली आणि टोपलीत त्याचा नर. पंच म्हणून बोरी अरबचा एक कास्तकार होता, तो ग्रुपमध्ये सगळ्यात जुना. माझ्या अंगणात वीसेक माणसं जमली. मायला मी ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. तिला म्हटलं होतं आत बस, तर म्हणाली, "पाहू दे मले बी तुयी मर्दुमकी."

दोन्ही पाखरं खाली ठेवली. माझी मादी सुटली. सुरुवातीला लोक ओरडत होते, हसत होते, मोबाइल धरून वाकत होते. त्याचा नर गोल गोल फिरत एका कडेला गेला, माझी मादी एकाच जागी. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! दहा तर कधीच होऊन गेले. हळूहळू ओरडणं कमी झालं. अंगणात फक्त पंख जमिनीवर आपटल्याचा आवाज. मादीची चोच उघडी पडली होती, पांढरी पिसं मातीनं लाल झाली होती. कोणीतरी म्हणालं, "दम तुटून राह्यला तिचा."

"उचल आता," ओट्यावरून माय म्हणाली.

"थांब न माय."

"अरे उचल लेका, मरन थे!"

"तू चूप बस जरा. घरात जाय." वीस माणसांसमोर मी मायवर खेकसलो.

उमरखेडवाला हाताची घडी घालून उभा होता. त्याचा नरही अडखळत होता. मी ठरवलं, हा उचलेपर्यंत मी उचलत नाही, मेली तर मेली. होय, मेली तर मेली, हेच शब्द मनात आले. ज्या मादीला पिलू असताना मी स्वतःच्या हातानं भरवलं होतं, तिच्याबद्दल.

माय कधी उठली ते मला दिसलं नाही. ओट्याच्या दोन पायऱ्या भिंतीला धरून उतरली असणार. दिसली ती एकदम माझ्यासमोर, वाकलेली. तिनं मादीला दोन्ही हातांत धरलं, उचललं, तोंडाजवळ नेऊन एकदा फुंकर घातली आणि मग तिचे डोळे फिरले. ती कुशीवर कोसळली. पडताना मादी असलेला हात तिनं वर धरला आणि सगळा भार दुसऱ्या मनगटावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी धावलोच. धावलो नाही असं कोणी म्हणू शकत नाही.

तिला उठवायला मी खाली बसलो तेवढ्यात मागे वाद सुरू झाला. पंच म्हणाला, "मालकाच्या मायनं उचललं म्हंजे घरच्याच मानसानं उचललं. हारला." दुसरा म्हणाला, "काहून हारला? तिसऱ्यानं हात लावला, डाव पुन्हा झाला पायजे." आणि आणखी एक जण कुठल्याशा जुन्या मुकाबल्याचा दाखला देत होता. माझी माय मातीत पडलेली, तिच्या मनगटाचा आकार बदललेला आणि ही मंडळी नियम पाहत होती. त्यांना तरी कोणत्या तोंडानं बोलू? पडणारी माझी माय नसती तर मीही त्यांच्यातच उभा असतो. निकाल उमरखेडवाल्याच्या बाजूनं लागला. तेव्हा कुठे त्यानं आपला नर उचलला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मायची काळजी घ्या, दादा."

मायच्या हाताला प्लास्टर लागलं. मादी वाचली, पण मान कायमची वाकडी झाली. दाण्यावर नेम धरते आणि चोच भलतीकडेच मारते. माय ज्वारी भिजवते आणि डाव्या हातानं तिला एक एक दाणा भरवते. मी सगळ्या जोड्या वेगळ्या केल्या, अंडं दिसलं की काढून घेतो. सोडून द्यावीत म्हणून चाचांकडे गेलो, तर ते म्हणाले, "छोड़ेगा तो बिल्ली की दावत. छप्पर तक तो उड़ नहीं सकते. अब जितने जिंदा हैं, उतने संभाल." तीस पाखरं आहेत. ती मरेपर्यंत सांभाळणं आता माझ्या नशिबी आहे, आणि ते बरोबरच आहे. तेवढ्यानं फिटलं असं मात्र मला कोणी सांगू नये.

ग्रुपवर मी लिहिलं की मायच्या तब्येतीमुळे शौक बंद करतो. तर काय कौतुक! हात जोडलेली चित्रं, फुलं, डोळ्यांत पाणी आणलेले चेहरे. एकानं लिहिलं, असा श्रावणबाळ आजच्या काळात मिळणं कठीण. मला ते वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. इतकं की मी मोबाइल घेऊन मायकडे गेलो आणि तिला ते वाचून दाखवलं. ती मादीला मांडीवर घेऊन बसली होती.

"त्याहिले हे बी लिव," ती म्हणाली, "का माय पडली तवा श्रावनबाळ उमरखेडवाल्याचा हात पाहून राह्यला होता. त्यानं उचललं का नाई ते."

"नाई माय," मी म्हटलं. "मी तुयाकडंच पायलं."

तिनं एक दाणा भरवला, मादीची मान बोटानं सरळ केली.

"मी खाली पडून होती न बापा," ती म्हणाली. "तुयं तोंड मले खालून पुरं दिसत होतं."