पेंढ्याच्या जुड्या

भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकली की माझा थोरला भाऊ जुन्या पेंढ्याच्या जुड्या बांधून बांधावर उभ्या करायचा. त्यांत कोळी राहायला येतात आणि तिथून किडे खायला भातात उतरतात, एवढंच त्याचं म्हणणं. आमचं खाचर घोटीच्या बाजूला. मी नाशिकला शाळेत शिकवायचे, सुट्टीला गावी जायचे. ज्या शेठचं खाचर आमच्या बांधाला लागून होतं, त्याचंच बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं. विषाला आमच्याकडे औषध म्हणतात. जुड्या दिसल्या की तो हटकायचा, "काय रे, कोळी पाळले का? दूध किती देतात?"

दादा हसायचा. "दूध नाय देत शेठ, पण तुमचं दुकान बंद पाडतील एक दिवस."

नव्वदनंतरच्या एका पावसाळ्यात भाताचा रस शोषणारे तुडतुडे वाढल्याची बोंब झाली आणि दादाही घाबरला. दुकानात मी त्याच्या शेजारीच उभी होते. शेठने दोन बाटल्या पुढे सरकवल्या. "दोन्ही एकत्र मार. उद्या एक किडा दिसला तर मला येऊन सांग." दादाने उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला फवारलं. दुपारी तो बांधावर ओकत बसला होता. सिव्हिलमध्ये नेईपर्यंत संपला.

दहाव्याला शेठ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी बजावलं होतं, तोंडाला फडकं बांध. ऐकलं नाय."

फडक्याचा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नव्हता. पण मला चारचौघांत बोलता येत नाही. पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळू, शेत पडीक टाकणार नाही, असं म्हणत चुलत्यांनी हात जोडले. कावळा झाडावरच. मग मी मनात म्हणाले, दादा, ह्याचं खाचर करपलेलं मी बघीन, आणि ह्याच्या औषधाचा एक थेंब आपल्यात पडू देणार नाही.

कावळा उतरला.

शेत मी मजूर लावून करत राहिले. जुड्या मात्र स्वतः उभ्या करायचे. काही वर्षं काहीच घडलं नाही. आमच्या भातालाही तुडतुडे लागत, खोडकिड्याने लोंब्या पांढऱ्या पडत. मी बांधावर बसून बघायचे. पाण्यावर निवळ्या गरगरत. पातीवर लाल ढालकिडे तुडतुडे शोधत चढत. टाचण्या, चतुरांच्या बारीक बहिणी, पानांमधून सरकत, वर चतुर घिरट्या घालत. एखादा तुडतुडा पाण्यात पडला की पाण्यावर धावणारे बारीक ढेकूण त्याला घेरत. पुस्तकं आणून मी नावं शोधली. कित्येकांची सापडलीच नाहीत. ही सगळी माझी माणसं, असं मला वाटू लागलं होतं. माझ्या बाजूने लढणारी.

मग एका भाद्रपदात शेठच्या खाचरात, तापला तवा टेकवावा तसे गोल करपलेले चट्टे पडले. तो फवारत होता, पुन्हा फवारत होता. तुडतुड्यांची अंडी पातीच्या आत सुखरूप; मरत होते ते तुडतुड्यांना खाणारे. मला आनंद झाला. मुद्दाम रजा काढून मी बघायला गेले.

शेठ बांधावर आला. "ताई, चार जुड्या द्या ना तुमच्यातल्या. लय कोळी हायत त्यात."

"कशाला शेठ? दूध देत नाहीत ते."

त्याने जुडीकडे हात पुढे केला. मी विचारलं, "दादाला फडकं बांधायला सांगितलं होतं का तुम्ही?"

"आता एवढी वर्षं झाली, ताई…"

"सांगितलं होतं का?"

"नाय."

तरी मी जुडी दिली नाही. तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिले. ऊन कलतं झालं तसे आमच्यातले चतुर उठले आणि बांध ओलांडून त्याच्या करपल्या खाचरावर जाऊ लागले. तिथे खायला रग्गड होतं. मी उठले. पदर हलवून, हातवारे करून त्यांना मागे हाकलू लागले. ते माझ्या डोक्यावरून जात राहिले.