मिरजेचा मिस्त्री

लग्नाआधी चार वर्षं मी मिरजेच्या एका दवाखान्यात ऑक्सिजनचे सिलिंडर आणि रेग्युलेटर सांभाळायचे. लग्न होऊन सांगलीला, विश्रामबागेतल्या या घरात आले आणि ते काम सुटलं. सुटलं म्हणजे सोडायला लावलं. "घरात काय कमी हाय?" एवढंच सासऱ्यांनी विचारलं होतं, आणि या प्रश्नाला सुनेनं काय उत्तर द्यायचं ते अजून कुणाला सापडलेलं नाही. नवरा फौजेत, लांब सरहद्दीवर. फोनवर त्याचं एकच पालुपद, वडील म्हणतील तसं.

तीन वर्षांनी दवाखान्यातून पुन्हा बोलावण्याचं पत्र आलं. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. मी मामांना, म्हणजे सासऱ्यांना, विचारलं. ते म्हणाले, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाहीच, फक्त जरा उशिरा कळणारं.

त्याच आठवड्यात यंत्र बिघडलं. माझा दीर पुण्यात हॉटेलच्या धंद्यात. फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांसाठी त्यानं नळातून बिअर काढायचं यंत्र आणून दिलं होतं. जुना फ्रीज, त्यात बिअरची टाकी, बाजूला बिअर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसचा छोटा सिलिंडर आणि त्यावर रेग्युलेटर. हे सगळं स्वयंपाकघरामागच्या बिनखिडकीच्या कोठीत, कारण मामा कॉलनीतल्या गणपती मंदिराच्या समितीचे अध्यक्ष आणि व्यसनमुक्तीवर भाषणं करणारे. रविवारी साताऱ्याकडचे त्यांच्या पलटणीतले दोन सोबती येणार होते, आणि नळातून येत होता नुसता फेस. वेल्डिंगवाल्याकडे रेग्युलेटर न्यावा तर गावभर बोभाटा. मग मामांना अचानक माझं शिक्षण आठवलं. अडला हरी, म्हणतात ना. पुढचे पाय कुणाचे ते मी सांगत नाही.

शनिवारी दुपारी मला पाने-पक्कड देऊन कोठीत पाठवलं. गॅसचा फुसकारा शेजारी ऐकू जाईल म्हणून सासूबाईंनी बाहेरून कडी घातली. मी दार ठोठावलं. आत्या, म्हटलं, हा गॅस कोंडला तर माणूस गपचूप झोपतो आणि उठत नाही. कडी निघाली, पण दार वीतभरच उघडलं आणि त्या फटीत स्टूल टाकून त्या पहाऱ्याला बसल्या. त्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. माझी तीन वर्षं अशीच गेली, हे तेव्हा लखकन कळलं.

हात मात्र काही विसरले नव्हते. पुढची नळी बंद केली, दाबाचा स्क्रू पूर्ण सैल केला आणि सिलिंडर हळूच उघडला. अशा वेळी दाब दाखवणारा काटा शून्यावर गप्प राहायला हवा. तो मुंगीच्या चालीनं वर चढत होता. म्हणजे आतली झडप नीट बसत नव्हती, गॅस सारखा पुढे सरकत होता आणि बिअरचा फेस होत होता. सिलिंडर बंद केला, उरलेला दाब सोडला आणि रेग्युलेटर खोलला. पाना सटकून अंगठा सोलला. झडपेखाली पांढऱ्या टेपची एक चिंधी अडकली होती, नळाच्या आट्यांना प्लंबर गुंडाळतात ती. मागं एकदा गळतंय म्हणून मामांनीच ती गुंडाळली होती. चिंधी काढली, पुसून जोडलं, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. काटा जागच्या जागी.

मामा आत आले, ग्लासभर काढून बघितली आणि खुलले. हीच वेळ म्हणून मी सोमवारचं विचारलं. ते ग्लासाकडेच बघत म्हणाले, "तू गेल्यावर हे कोन बगनार?"

नातवंडाची सबब नाही, लोक काय म्हणतील हीही नाही. मला इतका राग आला की हातातला पाना मी खाली ठेवून दिला. माझ्या कामाची गरज नव्हती तेव्हा घरात काही कमी नव्हतं, आणि गरज पडल्यावर मी गेले तर कमी पडणार होतं. सुटायला जागाच नव्हती.

रविवारी सोबती आले. बिअर झकास निघाली. मी शेंगदाण्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होते. एका सोबत्यानं विचारलं, फोनवर तर नुसता फेस येतोय म्हनत हुतास, कुणाकडनं नीट केलं?

"मिरजेचा मिस्त्री आनला हुता," मामा म्हणाले. "लय हुशार गडी."

बैठकीत सुनेनं बोलायची आमच्याकडे रीत नाही. मी पुढे जाऊन ताटली ठेवली आणि म्हणाले, "मामा, पाहुण्यांना हेबी सांगा की. मिस्त्री उद्यापास्नं परत दवाखान्यात कामाला लागतोय."

एका सोबत्याची नजर माझ्या अंगठ्यावरच्या पट्टीवर गेली. त्यानं ग्लास खाली ठेवला. "व्हय रं?" त्यानं मामांना विचारलं. "ही मिस्त्री?"

मिस्त्री आणल्याचं खोटं होतं हे मामांना जुन्या सोबत्यांपुढे कबूल करता येईना, आणि 'हीच मिस्त्री' म्हटलं तर मला अडवता येईना. त्या घरात कोंडलेलं दुसरं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांच्या ग्लासातला उरलासुरला फेस पार बसला.

"व्हय," ते म्हणाले. "सकाळी साडेसातला निगायचं हाय तिला."

वेळ मी त्यांना सांगितली नव्हती. दवाखान्याचं पत्र त्यांनी कधीतरी स्वतःच वाचलं होतं.