देव तुका भोगसूं

बाबा बेळगावकडचे. खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गोव्यात डिचोलीला आले आणि इथलेच झाले, पण कोंकणी त्यांना कामापुरतीच यायची. मुळगावच्या वळणावर त्यांच्या ट्रकखाली एक सायकलवाला सापडला. आमच्याच वाड्यावरच्या ख्रिस्ती म्हातारीचा तो एकुलता मुलगा. कोर्टाने बाबांना निर्दोष सोडलं. बाबांनी स्वतःला सोडलं नाही.

ते म्हातारीच्या पाया पडायला गेले. परत आले ते पांढरेफटक होऊन. ती एवढंच म्हणाली होती, “देव तुका भोगसूं, पुता.”

“देव तुला भोगायला लावू दे, म्हणाली,” बाबांनी आईला सांगितलं. आई म्हणाली, “पोटचा गोळा गेलाय तिचा. दुसरं काय म्हणंल?”

त्यानंतर बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. सोमवार धरले, अनवाणी राहिले. साधा ताप आला तरी म्हणायचे, “भोगतोय.” मला चीड यायची आणि करता काहीच यायचं नाही. नाताळाला म्हातारी नेवऱ्या-दोदोलाचं ताट पाठवायची. आम्ही पोरं त्यावर तुटून पडायचो. बाबा मात्र ताटाकडे बघायचेही नाहीत. शाप देणारी बाई गोड का पाठवते, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी म्हणून तेव्हा रस्ते अडवले जात होते, पण एका शब्दाचा अर्थ सांगायला कुणाला सवड नव्हती.

म्हातारी वारली. अंत्यविधीला बाबा इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पायरीवरच थांबले, मी आत गेलो. प्रार्थनेत पाद्री म्हणाले, “आमचीं पातकां भोगसूं.” मी दचकलो. पातकं कशी भोगायला लावणार? मिस्सची प्रार्थना संपल्यावर त्यांना गाठून विचारलं.

“भोगसप म्हळ्यार माफ करप,” ते म्हणाले. “आमच्या पातकांचें प्रायश्चित्त जेजून खुरसार केलां. आमच्या बदला ताणें भोगलें.”

मी धावत बाहेर आलो. “बाबा, तिनं शाप नव्हता दिला. देव तुला माफ करो, म्हणाली होती ती.” पाद्रींचं बाकीचंही सांगितलं. तुमच्या वाट्याचं येशूनं क्रूसावर भोगलंय, म्हणालो. मला वाटलं, आता तरी सुटतील.

बाबांनी दारातून बाहेर येणाऱ्या शवपेटीकडे पाहिलं.

“त्यानं कशापायी?” ते म्हणाले. “गाडी तर मी चालवत हुतो.”