बेस गिटारचा फाटका आवाज

माझी मुलगी नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रामध्ये बेस गिटार वाजवते. खानदेशातून इकडे गुजराती मुलखात कोणी पाहुणे आले की आधी विचारतात, "म्हणजे ती जाड तारांची?" आणि मग हळूच, "पोरगी असून?" दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. चहा आलेला असला तरी सरबत मागवतो आणि विषय बदलतो. घरचे म्हणतात, हे माझ्या स्वभावाच्या मानाने फारच सौम्य आहे.

गिटार घ्यायला मी सोबत गेलो होतो. मी मागाच्या सुट्या भागांचा व्यापारी. बॉबिनपासून बेअरिंगपर्यंत सगळं विकतो, आणि समोरच्याने सांगितलेल्या भावाला वस्तू घेणं मला अपमानासारखं वाटतं. मी रागाने दुकानाबाहेर निघालो, दुकानदाराने "काका, बेसो ने" म्हणत परत बसवलं, आणि शेवटी पिशवी, पट्टा, स्टँड, वायर असं सगळं मी गिटारवर फुकट पदरात पाडून घेतलं. मुलगी तोवर कोपऱ्यात जाऊन तारा छेडत होती. बाप असा ओरडत असताना ती नेहमी दुसरीकडे बघते.

ही गिटार अ‍ॅक्टिव्ह. म्हणजे तिच्या पाठीत एक चौकोनी बॅटरी असते आणि तिच्यावर चालणारं छोटं यंत्र तारांचा आवाज आधी दमदार करतं, मग तो अँप्लिफायरकडे जातो. सुरुवातीला आवाज असा यायचा की भेस्तानच्या आमच्या घरातली मांडणीवरची ताटं थरथरायची. मग एके दिवशी तो फाटला. जोरात तार ओढली की भोंग्यात मूठभर खडे टाकल्यासारखी घरघर.

दुकानदाराने बॅटरी बदलून दिली. बरं वाटलं. थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

एरवी मी इतकी घाई केली नसती, पण ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या गुजराती भाईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "बेन, तारो हात सरस छे, पण असा आवाज घेऊन मी मैदानात उतरणार नाही. रविवारच्या ट्रायलला चोख्खा आला तर ठीक. नाहीतर यंदा बेस की-बोर्डवरच वाजवून घेऊ." ती दिवसभर साड्यांच्या डिझाइनच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि संध्याकाळी येऊन बोटांना घट्टे पडेपर्यंत वाजवते. त्या रात्री ती जेवली, ताट घासलं, सगळं नेहमीसारखं केलं. फक्त बोलली नाही. तिच्या बडबडीची मला इतकी सवय आहे की घर भाड्याने दिल्यासारखं वाटलं.

मग आम्ही दोघं त्या आवाजामागे लागलो. अँपवर 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलेलं बटण होतं, ते दाबलं. आवाज लहान झाला, फाटका तो फाटकाच. अँपचा गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाचा जोर, खाली आणला. मित्राकडून दुसरी वायर आणली. शेवटी तिने गिटारवरची छोटी कळ फिरवली. त्या कळीने आतलं बॅटरीचं यंत्र बाजूला पडतं आणि नुसत्या तारांचा आवाज येतो. तो आला. बारीक, पण स्वच्छ.

"पप्पा, म्हणजे अँप चांगला आहे," ती म्हणाली. "तारापण चांगल्या. लोचा बॅटरीकडेच आहे."

"मग तशीच वाजव."

"मैदानात? ढोलाच्या समोर? माझं मलाच ऐकू येणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन एकटाच दुकानात गेलो. म्हटलं, तुमचा माल बॅटऱ्या खातो, बदलून द्या. दुकानदाराने शांतपणे मीटर लावलं, म्हणाला, "काका, गिटार मा कंई नथी. ती बरोबर आहे, बॅटरी मेलीय. एक सांगा, वायरची पिन गिटारमध्ये तशीच राहते का? अँप बंद असला तरी पिन आत असेल तोवर बॅटरी जळत राहते."

"माझी मुलगी रोज रात्री पिन काढते, वायर गुंडाळते. मी डोळ्यांनी बघतो. तुम्ही तिला गबाळी म्हणता?"

पुढे मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारचा चहावालाही बघायला आला. बदली मिळाली नाहीच. नवी बॅटरी घेऊन मी तणतणत घरी आलो, आणि मुलीने ती त्याच रात्री बसवली.

शनिवारी दुपारी मी अचानक घरी गेलो. बायको बाजारात, मुलगी ऑफिसात. हॉलमध्ये स्टँडवर गिटार उभी होती, धुतलेल्या उपरण्याने झाकलेली, आणि उपरण्याखालून वायर निघून थेट अँपपर्यंत गेली होती. शेजारी फरशीवर आबा बसले होते. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर त्यांनी इथेच लूमवर काम केलं.

"आबा, ही वायर कोणी लावली?"

"मीच. रोज लाई देस, ती गई की." घरात ते अजून अहिराणीच बोलतात. "पोर थकी-भागी येस. तिले सांचा तयार भेटाले पाहिजे."

सांचा म्हणजे माग. लूमवर रिवाज असतो. पाळी बदलताना पुढच्या कारागिराच्या हाती बंद सांचा द्यायचा नाही. तुटलेले धागे जोडून, बॉबिन भरून, सांचा चालू ठेवूनच पाळीवरून उतरायचं. जो तसं करत नाही त्याच्याशी कोणी तंबाखूसुद्धा वाटून खात नाही. मुलगी सकाळी ऑफिसला निघाली की आबा पिन आत सरकवत आणि त्यांच्या लेखी तिच्या पाळीची तयारी झालेली असे. संध्याकाळी ती बघायची पिन लागलेली, आणि समजायची की तिच्या मोपेडचा आवाज ऐकून आबांनी आत्ताच लावली. बॅटरी मात्र दिवसभर जळायची.

मला राग आला. नुसता त्या दिवसाचा नाही. तरुणपणी मी आबांच्याच खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, त्यांच्या शेजारच्या सांच्यांवर होतो. कापडात डाग निघाला म्हणून शेठने सगळ्यांसमोर मला शिव्या घातल्या आणि हाकललं. डाग माझा नव्हता, आबांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सांचे थांबवले नाहीत, तोंड उघडलं नाही, धागा जोडत राहिले. त्या दिवसापासून मी कुणाकडे नोकरी केली नाही. आज माझं दुकान आहे, घर आहे, त्यात आबांची खोली आहे. पण ती गोष्ट मी विसरलेलो नाही आणि त्यांनी ती कधी काढलेली नाही. आणि आज तोंड माझं होतं, चूक त्यांची होती. सगळं बोलायला मोकळी दुपार होती.

"उभे राहा आधी," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. सूनबाई येई तवय उठसू."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. पिन लावायची तर भिंतीला धरून फरशीवर बसावं लागतं, आणि एकदा बसले की कोणीतरी उठवेपर्यंत तिथेच. नातीचा सांचा तयार करण्यासाठी हा माणूस रोज सकाळी खाली बसत होता आणि सून मोकळी होईपर्यंत भिंतीला टेकून वाट बघत होता.

मी त्यांच्या काखेत हात घातले. किती हलके झाले होते. उठवून खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि गिटारची पिन काढली.

संध्याकाळी मुलीला जिन्यातच गाठून सांगितलं. ती आधी हसली, मग डोळे पुसले. "तुम्ही त्यांना बोललात?"

"नाही."

"खरंच? तुम्ही?"

ती आत जाऊन आबांच्या पायाशी बसली. "आबा, या सांच्याचा रिवाज उलटा आहे. पाळी संपली की याचा धागा काढून ठेवायचा. आत राहिला तर आतली बॅटरी मरते."

आबांनी मान वळवून गिटारकडे बघितलं. "मंग इतला दिन मीच बिघाडं का?"

मी खोटं काहीतरी बोलणार होतो. तिने बोलू दिलं नाही.

"हो आबा, तुम्हीच," ती म्हणाली. "आता उद्या ट्रायलला यायचं आणि मी कशी वाजवते ते ऐकायचं. ही शिक्षा."

"मी नही येस. मना पाय..."

"पप्पा उचलतील."

रविवारी ती ताजी बॅटरी घालून गेली. सोसायटीच्या मैदानात मांडव अर्धाच उभा होता. आबांना मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, भोंग्यापासून लांब. ढोल सुरू झाला आणि त्याच्याखालून तिचा बेस आला. गोल, भरलेला, कुठेही खरचटलेला नाही. आबांनी तळवा खुर्चीच्या हातावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. प्लॅस्टिकमधून त्यांना तो कळत असावा.

गाणं थांबल्यावर भाईंनी मान हलवली. "हवे बराबर. आता चोख्खा आला. बेन, तू नक्की. ढोलाच्या मागे उभी राहा, तिथे जागा आहे."

मागे? माझे पाय आपोआप स्टेजकडे निघाले. आबांनी मनगट धरलं. त्या हातात अजून एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"गप ऱ्हाय. तिले बोलू दे."

"मागून मला गायिकेचे पाय दिसत नाहीत, आणि पायावरूनच मी ताल धरते," मुलगी वरून म्हणत होती, आवाज न चढवता. "मी इथे पुढे, डावीकडे उभी राहीन. नाहीतर की-बोर्डवर वाजवून घ्या."

भाई हसले, वाकले आणि डावीकडचा स्वतःचा माइक उचलून उजवीकडे सरकवला.